आगीचे मॅप विकणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
गाड्यांच्या सायलेन्सरमधून फटाके आणि ज्वाळा काढणारे मॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकात टाकायच्या फाइली, विकणारी सर्व ट्यूनर मंडळी,
आणि तेच काम कारखान्यातून एका बटणावर करून देणाऱ्या गाडी कंपन्या

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात माझ्या लिफ्टवर एक गाडी चढली. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, गाडी तीन वर्षांची, मालक पंचविशीच्या आतला. तक्रार एवढीच, "ताई, गाडी ओढतच नाहीये." तिसऱ्या गिअरला पाय पूर्ण दाबला तरी दमेकऱ्यासारखी चालत होती. मी गाडीखाली जाऊन कॅटच्या डब्यावर रबरी हातोडी हलकेच मारली. आत खुळखुळा वाजल्यासारखं वाजलं.

कॅट, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आतून मधाच्या पोळ्यासारखा असतो. चिनीमातीच्या जातीचं ते पोळं, एकेक भोक जेमतेम मिलिमीटरभर. मी डबा उतरवला आणि टॉर्च लावून आत बघितलं. पोळ्याचा मधला भाग वितळून काचेसारखा चकाकत होता, भोकं बुजली होती. कडेचे तुकडे सुटून मागच्या पाइपाच्या तोंडाशी जाऊन बसले होते. इंजिनाला श्वास सोडायला वाटच उरली नव्हती.

"मॅप टाकलायस?" मी विचारलं.

"हो. फटाक्यांचा."

सहा महिन्यांपूर्वी त्याने फाइल घरबसल्या विकत घेतली होती आणि लॅपटॉपवरून वीस मिनिटांत टाकली होती. गाडी मंदावायला लागली तेव्हा त्याने विकणाऱ्याला लिहिलं. उत्तर आलं की मॅप फक्त बंद ट्रॅकवर वापरण्यासाठी होता, अटींमध्ये तसं स्पष्ट नमूद आहे. पुढच्या पत्राला उत्तरच नाही.

त्या विक्रेत्याचं नाव मी इथे घेणार नाही. तो एकटा असता तर हे पत्र लिहिलंच नसतं. दोन वर्षांत माझ्याकडे आलेली ही अशी चौथी गाडी, आणि चारही फाइली वेगवेगळ्या माणसांच्या. म्हणून तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे, आणि चारचौघांत लिहिते आहे, कारण खासगीत लिहिलेल्याचं काय होतं ते मी त्या पोराच्या फोनवर वाचलं आहे.

मला आगीचं वावडं आहे असा समज मात्र करून घेऊ नका. या धंद्यात मी आलेच आगीमुळे. सुरुवातीची काही वर्षं मी एका रॅली टीमच्या सर्व्हिस तंबूत काढली. रात्रीच्या स्टेजला, म्हणजे शर्यतीच्या टप्प्याला, गाडी दिसायच्या आधी ऐकू येते, बंदुकीच्या फैरी झाडल्यासारखी. वळणाआधी ड्रायव्हरने पाय उचलला की मागच्या झाडांची खोडं क्षणभर नारिंगी होतात. अंगावर काटा यायचा. अजून येतो. पण स्टेज संपली की तीच गाडी आमच्या पुढ्यात उभी राहायची आणि आम्ही लालभडक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातून वायू बाहेर काढणारा पाइप, निवायची वाट बघत बसायचो. टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या वायूवर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. दुसऱ्यांच्या गाडीत तो आयुष्यभर टिकतो. आमच्याकडे तो ब्रेक पॅडसारखा बदलायचा भाग होता. त्या ज्वाळेसाठी काय मोजावं लागतं हे आम्हाला ठाऊक होतं, ड्रायव्हरला ठाऊक होतं, आणि बिल भरणाऱ्यालाही ठाऊक होतं. माझं तुमच्याशी जे भांडण आहे ते या तिसऱ्या माणसावरून आहे.

तुमच्या गिऱ्हाइकाला कुणी समजावून सांगत नाही, म्हणून ही आग येते कुठून ते आधी सांगते. आगीला जळण, हवा आणि उष्णता लागते. धड चालणाऱ्या पेट्रोल इंजिनात या तिघांची गाठ सिलिंडरमध्येच पडते आणि मागून निघतो तो जळून संपलेला वायू. एक किलो पेट्रोल पुरतं जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पाय पूर्ण दाबला की ताकद काढायला आणि आतले भाग फार तापू नयेत म्हणून बऱ्याच गाड्यांचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, मिश्रण रिच करतो, किलोमागे हवा १२ ते १२.५ किलोच्या आसपास आणतो. म्हणजे थोडं जळण हवेवाचून अर्धवट राहतं. एक्झॉस्टमध्ये ८००-९०० अंश सेल्सियस उष्णता आहे, जळण आहे, फक्त हवा नाही. ती पाइपाच्या तोंडाशी भेटते, आणि तिथे भडका होतो. ज्वाळा पिवळी-नारिंगी दिसते कारण तिच्यात काजळीचे कण तापून उजळलेले असतात. निळी दिसली तर समजावं, हवा नीट मिसळली होती.

आवाजाचं गणित थोडं वेगळं. ठिणगी पडलीच नाही किंवा फार उशिरा पडली, तर हवा आणि पेट्रोल दोन्ही न जळता बाहेर निसटतात आणि पाइपात तयार मिश्रण साठतं. पेट्रोलची वाफ २५०-२८० अंशांना ठिणगीशिवायही पेटते, आणि इंजिनाजवळचा पाइप त्याच्या कितीतरी वर असतो. बंद नळीत ते मिश्रण उडालं की तो फटाका. (याला सगळे बॅकफायर म्हणतात. खरं तर बॅकफायर म्हणजे इनटेककडून, हवा आत घेणाऱ्या बाजूकडून, उलट आलेला भडका. मागून निघतो तो आफ्टरफायर. पण हा वाद मी वर्कशॉपमध्ये केव्हाच हरले आहे.)

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना यासाठी कुणाच्या मॅपची गरज नव्हती. उतारावर पाय उचलला की थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, बंद, इनटेकच्या मॅनिफोल्डमध्ये जोराची ओढ, त्या ओढीने थेंबथेंब पेट्रोल येतच राहायचं आणि हवा मात्र पुरेशी नसायची. एखादा सिलिंडर पेटायचा नाही, त्याचं मिश्रण पाइपात जायचं, आणि पुढचा सिलिंडर पेटला की त्याच्या धगीने ते उडायचं. रेसच्या कॅमशाफ्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यामुळे, इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बराच वेळ एकदमच उघडे राहतात, त्यामुळे कमी फेऱ्यांवर ताजं मिश्रण सरळ या दारातून त्या दारात जातं. रेसच्या गाडीत गिअर बदलताना काही मिलिसेकंद ठिणगी तोडतात, तेवढ्यात आत आलेलं पेट्रोल न जळता मागे जातं, म्हणून प्रत्येक गिअरला एक जीभ बाहेर दिसते. १९८७ ची फेरारी एफ४० पाय उचलला की आग ओकायची, ती २.९ लिटरच्या दोन टर्बोंच्या व्ही८ ची सवय होती. ओकून दाखवावं म्हणून कुणी तिला शिकवलं नव्हतं.

रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणाऱ्या, इंजिनाची गंमत याहून मोठी आहे. १९९१ साली ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकणारी माझ्दा ७८७बी आठवा, चार रोटरची. रोटरीची जळणाची खोली लांबट आणि चपटी असते. ज्वाळा तिच्या कोपऱ्यांपर्यंत पोचेतो रोटर पुढे सरकलेला असतो, आणि उरलेलं पेट्रोल तापलेल्या वायूबरोबर एक्झॉस्टच्या भोकातून बाहेर पडतं. रोटरी आग ओकते ती जन्मखोड म्हणून. पण याच कंपनीने १९७० च्या दशकात या खोडीला कामाला लावलं होतं. मॅनिफोल्डच्या जागी जाड लोखंडी डबा बसवला, थर्मल रिॲक्टर म्हणत त्याला. त्यात जादा हवा सोडायची आणि उरलेलं पेट्रोल तिथेच जाळून टाकायचं, म्हणजे मागून कमी विष निघेल. तीच आग, पण डब्यात कोंडलेली आणि धूर स्वच्छ करणारी. मला हे यंत्र फार आवडतं.

आणि आमची रॅलीची अँटी-लॅग. वळणाआधी पाय उचलला की टर्बोला वायू मिळत नाही आणि मिनिटाला लाखाच्या घरात फिरणारं त्याचं चाक मंदावतं. वळणातून निघताना पाय दाबला की ते परत वेग घेईपर्यंत गाडी ढिम्म. रॅलीत तेवढ्या उशिरात माणूस हरतो. त्यात आमच्या वेळी नियमाने टर्बोच्या तोंडावर ३४ मिलिमीटर भोकाची बूच मारलेली असायची, म्हणजे नुसती ताकद वाढवून भागत नसे. यावर उपाय असा: पाय उचलला तरी थोडी हवा आत येऊ द्यायची, पेट्रोल चालू ठेवायचं, आणि ठिणगी इतकी उशिरा टाकायची की पिस्टन केव्हाच खाली निघालेला असेल. पिस्टनला ढकलायला तो जाळ उपयोगाचा नसतो. तो एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडल्यावर मॅनिफोल्डमध्ये भडकतो आणि टर्बोचं चाक फिरतं ठेवतो. लोकांना दिसते ती ज्वाळा या कामातून सांडलेली.

२०११ मध्ये फॉर्म्युला वनच्या टीम अशाच कारणासाठी पाय उचललेला असतानाही इंजिन फुंकत ठेवायच्या, तो वायू मागच्या डिफ्यूझरखाली, म्हणजे तळाची हवा ओढून घेणाऱ्या भागाखाली, सोडला की गाडी रस्त्याला चिकटायची. पुढच्या वर्षी नियम बदलून पाइपाची तोंडं हलवावी लागली. ड्रॅग रेसिंगच्या टॉप फ्युएल गाड्या नायट्रोमिथेनवर चालतात. त्यांचं मिश्रण इतकं रिच, की जळण बाहेर येऊनही जळत राहतं. रात्री पाइपांच्या रांगेतली एक ज्वाळा विझलेली दिसली की मेकॅनिकला कळतं, अमुक सिलिंडर मेला. तिथे आग बोलते आणि ऐकणारा शहाणा असतो.

अगदी साध्या गाडीतही हा खेळ आहे. थंड इंजिन सकाळी चालू केलं की पहिला काही वेळ त्याचा आवाज घोगरा येतो, तो का? ईसीयू मुद्दाम ठिणगी उशिरा टाकतो, म्हणजे उष्णता मागे जाऊन कॅट लवकर तापेल. थंड कॅट काहीच काम करत नाही, त्याला निदान २५०-३०० अंश लागतात. तुमच्या मॅपचं मुख्य हत्यारही तीच उशिराची ठिणगी. कॅट जगवायला जी युक्ती शोधली, तिनेच तुम्ही कॅट मारता.

आता तुमचा माल. आजच्या गाडीत पाय उचलला की ईसीयू इंजेक्टर बंद करतो. पेट्रोल शून्य. इंजिन नुसती हवा ओढतं आणि सोडतं, आणि चाकं त्याला फिरवतात. तुम्ही ती तोड काढून टाकता. पाय उचलल्यावरही पेट्रोल चालू ठेवता, ठिणगी ढकलून पार मागे नेता, थ्रॉटल किंचित उघडं ठेवता. अँटी-लॅगचीच कृती, पण टर्बोसाठी नाही, वळणासाठी नाही, वेळेसाठी नाही. सिग्नलला पुढे उभ्या असलेल्या माणसाने मान वळवावी यासाठी. बरं, हौसेला मोल नसतं, हे मला मान्य आहे. ज्याला स्वतःचं इंजिन जाळायचं त्याने खुशाल जाळावं. पण त्याला सांगून.

पहिली तक्रार नावाची. तुमच्या यादीत हा माल "परफॉर्मन्स" या मथळ्याखाली असतो. पाय उचललेला असताना कसला आलाय परफॉर्मन्स? या मॅपने एक अश्वशक्ती वाढत नाही, पेट्रोल मात्र जिथे शून्य लागायचं तिथे लागतं. याला करमणूक म्हणा आणि करमणूक म्हणून विका.

दुसरी तक्रार कॅटची, आणि ही मी लवकर आटोपणार नाही. त्या पोळ्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा लेप असतो, धातूचे अगदी बारीक कण पसरलेले. ४०० ते ८०० अंशांत ते सुखात काम करतात आणि कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल, नायट्रोजनची ऑक्साइडं यांचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग निरुपद्रवी करून टाकतात. पण कॅटचा धर्मच असा की त्याच्याकडे न जळलेलं पेट्रोल आणि हवा आली की तो ती जाळणार. तुम्ही त्याच्याकडे घोटघोट पाठवता, तो घोटघोट जाळतो, आणि उष्णता त्याच्याच पोटात राहते. हजार अंशांच्या आसपास ते बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि लेप निकामी व्हायला लागतो. गाडी वरून ठणठणीत दिसते, कॅट मेलेला असतो. त्याच्याही वर गेलं की पोळंच वितळतं. मी उतरवलेला डबा त्या दुसऱ्या पायरीचा. पहिल्या पायरीवरच्या गाड्या किती फिरताहेत ते कुणालाच दिसत नाही, कारण त्या खुळखुळत नाहीत.

हे गाडी बनवणाऱ्यांना ठाऊक होतं, म्हणून तर डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा दिला. तो नुसता लागला तर सवडीने दाखवा. तो लुकलुकायला लागला तर अर्थ असा, की सिलिंडर नीट पेटत नाहीत, न जळलेलं पेट्रोल मागे जातंय, कॅट धोक्यात आहे, पाय काढा. आणि तुम्ही काय करता? ही ओरड मॅपमध्येच बंद करता. त्या पोराच्या गाडीत मिसफायरचे, म्हणजे सिलिंडर न पेटल्याचे, कोड मिटवलेले होते. कॅट कमजोर झाल्याचं सांगणारा पी०४२० पण मिटवलेला होता. सहा महिने गाडी आतून बोंबलत होती आणि तिचं तोंड तुम्ही दाबून धरलं होतं. मिसफायर तुम्ही मुद्दाम घडवता तेव्हा तो कोड खोटा गजर ठरतो, असा तुमचा बचाव मी ऐकला आहे. पण मग खरोखरचा प्लग खराब झाला, कॉइल गेली, तर त्या माणसाला कळणार कसं? आग लावायची म्हणून घरातला धोक्याचा भोंगा काढून फेकायचा, त्यातली गत.

तिसरी तक्रार त्या "फक्त ट्रॅकसाठी" या ओळीची. सीट गरम करायची सोय असलेली पाच माणसांची गाडी ट्रॅकवर राहते असं तुम्हाला खरंच वाटतं? फाइल देताना तुम्ही गाडीचा नंबर विचारता, ईसीयूचा नंबर विचारता. कॅट जागेवर आहे का, एवढं मात्र विचारत नाही. कारण दोन्ही उत्तरं अडचणीची. "आहे" म्हणाला तर तो वितळणार, आणि "काढलाय" म्हणाला तर ती गाडी रस्त्यावर आणायची नाही. न विचारणं सोयीचं. ज्वाळा नीट दिसावी म्हणून कॅट काढायला सुचवणारेही तुमच्यातच आहेत. कॅटच्या अरुंद भोकांत ज्वाळा विझते, म्हणून सरळ पाइप लावायचा. मग इंजिनातून निघालेला सगळा कार्बन मोनॉक्साइड आणि बेंझिन मागच्या माणसाच्या नाकाशी.

तो मागचा माणूस ही माझी चौथी तक्रार. सायलेन्सरचं तोंड जमिनीपासून फूटभर वर असतं, आणि बाबागाडीतल्या मुलाचं डोकं त्याच्या फार वर नसतं. एकदा एक गाडी माझ्या दारात उलटी लावून मालक मला ज्वाळा दाखवत होता. मी बाजूला उभी होते आणि बंपरच्या प्लास्टिकवर बघता बघता फोड आले. तो हसला, मी हसले नाही, कारण ज्या जागेवरून मी त्याला गाडी लावायला खुणावत होते तिथून दोन पावलंच सरकले होते. आवाजाबद्दल मी काय सांगू? रात्री दीडला गोळी झाडल्यासारखा आवाज आला की झोपलेली म्हातारी माणसं छातीवर हात ठेवून उठून बसतात. पॅरिसमध्ये २०२२ पासून रस्त्यावर आवाज मोजणारे रडार लावायला सुरुवात झाली. आता अशी यंत्रं लागली की ओरडू नका. आधी ओरडलात ते तुम्ही.

पाचवी तक्रार छोटी आहे पण मला सगळ्यात जास्त डाचते. मॅप टाकताना तुम्ही गाडीची मूळ फाइल वाचून घेता, बदलता आणि बदललेली परत देता. मूळ फाइल गिऱ्हाइकाला देत नाही. परत जायचा रस्ता तुमच्या कपाटात बंद. कुणी मागितलीच तर तिचे वेगळे पैसे.

आता गाडी कंपन्यांकडे वळते. तुम्ही गालातल्या गालात हसत असाल, की बरी झापली यांना. तुमचं काम नेटकं आहे, कबूल. स्पोर्ट मोडचं बटण दाबल्यावर तुमची गाडी पाय उचलला की फुटते, पण तुमच्या ईसीयूत कॅटच्या तापमानाचा अंदाज बांधणारं गणित चालू असतं आणि मर्यादा आली की ते खेळ आवरतं घेतं. तुम्ही मापात पाजता. पण हे खूळ घरोघरी नेलंत तुम्हीच. २०१३ साली आलेल्या जॅग्वार एफ-टाइपचं कौतुक आठवा. निम्मं कौतुक तिच्या तडतडीचं होतं. आवाज म्हणजे ताकद हे तुम्ही शिकवलंत. मग युरोपात २०१८ च्या सुमारास पेट्रोल गाड्यांना काजळी पकडणारे फिल्टर आले, तुमच्या नव्या गाड्यांचा आवाज बसला, आणि गिऱ्हाईक ती हरवलेली तडतड शोधत थेट या मॅपवाल्यांच्या दारात गेलं. २०२३ ची ह्युंदाई आयोनिक ५ एन ही तर विजेची गाडी. तिच्यात जळायला काही नाही, तरी ती स्पीकरमधून फटाके वाजवते आणि नसलेले गिअर बदलते. मी आधी खूप हसले. नंतर वाटलं, यात कॅट तरी मरत नाही.

आणि आग मापात राहतेच असंही नाही. २०१७ मध्ये लॅम्बोर्गिनीने हजारो अव्हेंटादोर परत बोलावल्या. टाकी काठोकाठ भरलेली असली तर पेट्रोलची वाफ नको त्या वाटेने तापलेल्या वायूंपर्यंत पोचून आग लागायचा धोका होता, आणि उभ्या गाडीचं इंजिन जोरजोरात रेस करण्याने तो वाढायचा. कंपनीने चूक कबूल केली, गाड्या बोलावल्या, दुरुस्त केल्या. मॅपवाल्यांनो, तुमच्यापैकी कुणी आजवर एक तरी फाइल अशी परत बोलावली आहे का? मी तरी ऐकलेलं नाही.

माझ्या मागण्या अवघड नाहीत.

मॅप विकण्याआधी विचारा, कॅट जागेवर आहे का. असेल तर पाय उचलल्यावर पेट्रोल घालणारा मॅप विकू नका. पैसे बुडतील, बुडू द्या.

मिसफायरचे आणि कॅटचे कोड मिटवणं बंद करा. कुणी मिटवून मागितले तरी नाही म्हणा.

एक्झॉस्टच्या तापमानाची मर्यादा मॅपमध्ये ठेवा. कारखान्याने ठेवलेली असते, ती काढायला तुम्हाला वेळ मिळतो, तर राखायलाही मिळेल. आणि पाय उचलल्यानंतर हा खेळ किती सेकंद चालेल ते ठरवून द्या. अनंत काळ नको.

विकताना अटींच्या तळाशी नाही, पैसे भरायच्या बटणाच्या वर, ठळक लिहा: याने कॅट, टर्बो, ऑक्सिजन सेन्सर आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह लवकर जातात. वाचूनही ज्याला हवंय त्याला द्या. त्याच्याशी माझं भांडण नाही.

गाडी कंपन्यांनी तडतडीचं बटण गाडी चालू करताना आपोआप बंद ठेवावं. ज्याला हवं तो लावेल. आणि आपल्या ईसीयूत कुणी परका मॅप घातला आहे हे तुमच्या सर्व्हिस सेंटरला दिसतं. ते मालकाला लेखी सांगा, नुसती वॉरंटी नाकारून हात झटकू नका. सेकंडहँड गाडी घेतलेल्या माणसाला आपल्या गाडीत काय भरलंय याचा पत्ताही नसतो.

आणि शेवटचं. मूळ फाइल गाडीच्या मालकाची आहे. ती विकत घेताना त्याने गाडीबरोबर घेतली होती. प्रत्येक गिऱ्हाइकाला ती त्याच दिवशी, फुकट द्या.

ही मागणी अगदी तातडीची आहे, कारण त्या पोराची गाडी अजून माझ्या लिफ्टवर आहे. नवा कॅट आला, बसवला, नट आवळले. पण आतला मॅप तोच आहे, आणि त्या मॅपवर गाडी चालू करून मी हा कॅटही तुम्हाला वाहायला तयार नाही. पोरगा रोज संध्याकाळी येतो, गाडीखाली उभा राहून वर बघतो, आणि विचारतो, "आली का फाइल?" तुमच्यापैकी ज्याची ती आहे त्याला त्याचा ईमेल तीनदा पोचला आहे. ईसीयूचा नंबर त्यात लिहिलेला आहे. पाठवा.

आपली,
एक इंजिन मेकॅनिक